प्रोसेसर बदलायचाच, पण आधी ५ तारखेचा हप्ता थांबवा

कळव्याच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३१, नोकरी ऐरोलीला, हातात येणारा पगार ५८ हजार, घरभाडं १६ हजार, घरी आई. प्रश्न असा: "२०२० च्या सुरुवातीला जोडलेला गेमिंग पीसी आहे. रायझेन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, ३२०० वेगाची १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड. नवे गेम अडखळतात. नुसता प्रोसेसर बदलू, की एएम५ वर (एएमडीच्या नव्या सॉकेटवर) जाऊन बोर्ड-रॅमसकट सगळंच नवीन घेऊ? दुकानदार ६० हजार सांगतोय, १२ महिने नो-कॉस्ट ईएमआय. स्ट्रीमिंग सुरू केलं की महिन्याला १०-१५ हजार सुटतील, हप्ता त्यातूनच जाईल." आणि अगदी शेवटी, जाता जाता: "क्रेडिट कार्डावर १ लाख ३० हजार बाकी आहे, पण मिनिमम (दरमहा भरायची किमान रक्कम) कधी चुकवलेलं नाही. शिवाय महिना ८ हजारांची गॅरंटीड पॉलिसी चालू आहे, त्यामुळे बचतीची काळजी नाही."

मला काळजी वाटली ती याच दोन ओळींची.

पीसीचं आधी उरकून टाकतो. मला त्यातलं बेताचंच कळतं, पण माझा भाचा मित्रांचे पीसी जोडून देतो. तुम्ही पाठवलेला टास्क मॅनेजरचा फोटो त्याला दाखवला. त्याने प्रोसेसरकडे बघितलंच नाही, थेट रॅमच्या आकड्यावर बोट ठेवलं. तिथे २१३३ दिसतंय. "मामा, ३२०० ची रॅम घेऊन हा सहा वर्षं २१३३ वर चालवतोय." बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारा पर्याय) चालू करायचं राहून गेलंय. रायझेनला रॅमचा वेग मानवतो, त्यामुळे थोडा फरक फुकटातच पडेल. पुढचं म्हणजे तुमच्याच बोर्डावर रायझेन ५ ५६०० बसतो, फक्त जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अपडेट करून घ्यायचं. खर्च दहा-अकरा हजार. एएम५ ला डीडीआर५ रॅम लागते आणि एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचे भाव असे चढवलेत की आत्ता ती घेणं म्हणजे ऐन पावसाळ्यात टोमॅटो घेणं. तेव्हा ६० हजारांचा विषय संपला. दहा हजारांचा शिल्लक आहे, त्याकडे शेवटी येतो.

स्ट्रीमिंगचं उत्पन्न. तुमचे सबस्क्रायबर २१२. जाहिरातींच्या पैशात वाटा मिळायला यूट्यूब १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं जाणं मागतं. तुम्ही आठवड्यातून तीन रात्री दोन-दोन तास बसणार, सरासरी सहा जण बघणार, असं धरू. आठवड्याला ३६ तास, वर्षाला पावणेदोन-दोन हजार. म्हणजे वर्ष संपलं तरी निम्म्या वाटेवर, आणि कमाई शून्य. हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून. हौस म्हणून जरूर करा, पण हिशेबाच्या वहीत ते धरू नका.

आता कार्ड. "मिनिमम कधी चुकवलेलं नाही" हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय. तुमच्याच स्टेटमेंटवर बघू. बाकी १,३०,०००. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे ४,५५०. त्यावर १८ टक्के जीएसटी, सुमारे ८२०. झाले ५,३७०. तुम्ही भरता ६,५००. मुद्दल उतरलं ११३० रुपयांनी! आणि बाकी पूर्ण फेडलेली नसल्याने नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवसच मिळत नाहीत. ठाणे स्टेशनबाहेर कार्डाने घेतलेल्या वडापावलाही त्याच दिवसापासून व्याज लागतंय. वर्षाचा दर काढला तर पन्नास टक्क्यांच्या घरात जातो. यावर ६० हजारांचा ईएमआय चढवलात तर महिन्याचे ५,००० थेट मिनिमममध्ये जमा होतात. साडेसहाचे साडेअकरा हजार होतील. नो-कॉस्टमध्ये व्याजाइतकी सूट देतात, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच गळ्यात. 'नो-कॉस्ट' हे नाव देणाऱ्याला बक्षीस दिलं पाहिजे.

ही बाकी आली कुठून, ते मी तुमच्या खात्याच्या नोंदींत शोधलं. जानेवारी २०२४ पर्यंत तुम्ही कार्ड दर महिन्याला पूर्ण फेडत होता. फेब्रुवारीत पॉलिसी सुरू झाली. मार्चपासून बाकी राहायला लागली. ५ तारखेला ८ हजार कापले जातात, २०-२२ तारखेला खातं कोरडं पडतं आणि उरलेला महिना कार्डावर निघतो. म्हणजे गेली दोन वर्षं तुम्ही पन्नास टक्क्यांनी उसने घेऊन पॉलिसीत भरताय.

आणि पॉलिसी देतेय काय? १० वर्षं महिना ८ हजार, म्हणजे ९ लाख ६० हजार. १५ वर्षांनी १५ लाख. बँकेतल्या माणसाने "पैसे दीडपट, वर विमा फुकट, एफडीसारखंच आहे" असं सांगितलं, असं तुम्ही लिहिता. तुम्ही गेला होतात पत्ता बदलायला, त्याने चहा मागवला आणि सही घेतली. गणित केलं तर परतावा वर्षाला साडेचार टक्के. पीपीएफ ७.१ देतं, तेही चहा न पाजता. विमा किती? ९ लाख ६० हजार. तुमच्या मागे आईला ते दीड वर्षाच्या पगारालाही पुरणार नाहीत. दर आठवड्याला असं एक तरी पत्र येतं, आणि प्रत्येकात तो माणूस "ओळखीचा, चांगला" असतो.

पूर्ण मोडावी का? तुमची पॉलिसी १ ऑक्टोबर २०२४ च्या आधीची असल्याने सरेंडरचे नवे, जरा बरे नियम तिला लागू नाहीत. भरलेल्या १ लाख ९२ हजारांपैकी हमीचे तीसच टक्के, साधारण ५८ हजार हातात येतील. दोन वर्षांचे हप्ते नुकतेच पूर्ण झालेत, त्यामुळे ती पेड-अप करता येईल: पुढे एक पैसा भरायचा नाही, भरलेल्याच्या प्रमाणात मुदतीअखेर रक्कम मिळते. विमा कंपनीकडून सरेंडर आणि पेड-अप, दोन्हीचे आकडे लेखी मागवा. पेड-अपचा आकडा अडीच-तीन लाखांचा असेल तर राहू दे ती तशीच पडून. आणि त्यासाठी त्या चांगल्या माणसाकडे जाऊ नका. तो "अजून तीनच वर्षं भरा" म्हणेल.

कार्डासाठी पगार खात्याच्या बँकेतून १ लाख ३० हजारांचं पर्सनल लोन घ्या. पंधरा टक्के दर धरला तर १२ महिन्यांचा हप्ता ११,७५० च्या आसपास. वर्षभराचं व्याज ११ हजारांच्या आत, प्रोसेसिंग फीचे अडीच-तीन हजार वेगळे. सध्या कार्डावर तेवढं व्याज दोन महिन्यांत जातंय. कर्जाची रक्कम त्याच दिवशी कार्डात भरायची, आणि कार्ड आईच्या कपाटात. हे जमणार नसेल तर कर्ज घेऊ नका, नाहीतर वर्षाने दोन्ही बाक्या घेऊन पुन्हा पत्र लिहाल.

पॉलिसीचे ८,००० आणि मिनिममचे ६,५०० मिळून १४,५०० मोकळे होतात. त्यातून ११,७५० गेले की २,७५० उरतात. चार महिन्यांत ११ हजार. तेवढ्यात रायझेन ५ ५६०० येतो, रोखीने, लॅमिंग्टन रोडवर दोन दुकानांत भाव विचारून. मग तेच २,७५० एक कोटीच्या टर्म विम्याकडे (बचत नसलेल्या, नुसत्या जीवन विम्याकडे) वळवा. वैयक्तिक जीवन विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये गेलाय, तेवढाच हलका पडेल. वर्षभराने कर्ज फिटलं की मोकळे झालेले पैसे पहिले सहा महिने आरडीत, घरखर्चाची गंगाजळी म्हणून. म्युच्युअल फंडाचं त्यानंतर विचारा.

५ तारखेच्या आत हप्त्याचा मँडेट (खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी) बंद करायला शाखेत जा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, आणि या वेळी चहा नको म्हणा.