जुन्या वॉशिंग मशीनचा नाद : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात माझ्या वर्कशॉपमधल्या जुन्या वॉशिंग मशीनांचा उल्लेख आला आणि संपादकांकडं बरीच पत्रं आली. मोटर वाइंडिंग, म्हणजे मोटरीतल्या तांब्याच्या तारा गुंडाळणं, हा माझा धंदा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांच्या हाताखाली शिकले. जुनी मशीनं शोधणं, चालती करणं हा नाद त्या धंद्यातूनच लागला. काही पत्रांना इथं उत्तरं देतेय.

ताई, मलाही जुनी वॉशिंग मशीनं जमवायची आहेत. त्यासाठी मुंबईच्या चोरबाजारात जावं लागेल का? आपल्या भागात काही मिळतं का? (एक वाचक, गडहिंग्लज)

चोरबाजार बघायला जरूर जा, पण मशीनसाठी तेवढ्या लांब जायची गरज नाही. मटण स्ट्रीटला ग्रामोफोन, दिवे, घड्याळं भरपूर असतात. दोघांनी उचलावी लागणारी वस्तू कमीच. वॉशिंग मशीन जिथं वापरलं गेलं तिथंच सापडतं, म्हणजे घरात. माळ्यावर, जिन्याखाली, परसात. कागल तालुक्यातल्या एका गोठ्यात म्हशीची पेंड भिजवायला ठेवलेला स्टीलचा टब दिसला म्हणून मी थांबले, तर खाली मोटर, पुली, बेल्ट सगळं जागच्या जागी. त्या मावशींना पैसे दिलेच, शिवाय पेंडीसाठी नवं मोठं घमेलं आणून दिलं.

सगळ्यात चांगली वेळ म्हणजे दसरा-दिवाळी आणि गुढीपाडवा. दुकानांत एक्स्चेंज ऑफर लागते, लोक जुनं देऊन नवं नेतात. जुनी मशीनं दुकानदाराच्या गोडाउनला चार-आठ दिवस पडून राहतात आणि मग भंगारवाला टेम्पो लावून सगळी एकदम उचलतो. तुमची संधी त्या चार-आठ दिवसांतच. गडहिंग्लजमधल्या दोन-तीन दुकानदारांशी आत्तापासून ओळख ठेवा, काय हवंय ते नीट सांगून ठेवा. भंगारवाल्यांशीही गोडीनं राहा. आमच्याकडचे एक जण फोन करतात, "ताई, जुनं मशीन आलंय, अजून फोडलं न्हाई. पर उद्या सकाळपतुर या, न्हाईतर मोटर सुटंल." ते खरं सांगतात. भंगारात आलेल्या मशीनची पहिली निघते ती मोटर, कारण आत तांबं असतं. एकदा मोटर हातोड्यानं फोडली की उरलेला पत्रा, टब, टायमर यांना कुणी विचारत नाही. त्यामुळं खबर लागली की त्याच दिवशी निघायचं.

दुसरी वाट घाटाखालची. गगनबावडा किंवा आंबा घाट उतरून रत्नागिरी, राजापूर, चिपळूणकडं गेलात तर आखाती देशांत नोकरी केलेल्यांची घरं लागतात. त्या मंडळींनी तिकडून नॅशनल, सान्यो, तोशिबाची जुळ्या टबांची मशीनं आणली. मात्र तिथली हवा खारी. वरून प्लास्टिक नवं दिसतं आणि तळाचा पत्रा बोटानं दाबला तरी आत जातो. मशीन आडवं करून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं पाय आणि मोटरचा बेस टोचून बघितल्याशिवाय सौदा करू नका.

आता मला मनापासून सांगायचंय ते सांगते. पत्र लिहिणाऱ्या बहुतेकांना विलायती हूवर नाहीतर अमेरिकन मेटॅग हवंय. ती मशीनं थोरच आहेत. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या न्यूटन गावी मेटॅगनं १९०७ साली पहिलं मशीन काढलं, आणि वीज न पोचलेल्या शेतांवर चालावं म्हणून पुढं पेट्रोल इंजिन लावलेलंही विकलं. ऑइल इंजिनं बनवणाऱ्या कोल्हापूरकराला त्याचं कौतुक वाटणारच. पण जगभरात ही मशीनं जपणारे लोक आहेत. आपल्या घरात आलेलं पहिलं सेमी-ऑटोमॅटिक कोण जपतंय? १९८०च्या दशकाचा शेवट आणि नव्वदीची सुरुवात, त्या काळातली व्हिडिओकॉन, बीपीएल-सान्यो, टीव्हीएस-व्हर्लपूल. व्हिडिओकॉन तर आपल्याच राज्यातलं, तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या चितेगावचं. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि तेव्हापासून तिचे मूळ सुटे भाग आटत चाललेत.

हे मशीन घरात आलं तेव्हा काय झालं ते आठवा. न्हाणीघरात जागा नाही म्हणून ते सोप्यात, वर भरतकामाचं कव्हर. वापरायच्या दिवशी चाकांवरून ढकलत न्यायचं, बादलीनं पाणी भरायचं, धुतलेले कपडे हातानं उचलून शेजारच्या ड्रायरच्या टबात टाकायचे, वर जाळीची चकती दाबून बसवायची. धुण्याचा टायमर पंधरा मिनिटांचा, ड्रायरचा पाच मिनिटांचा. दोन्ही घड्याळासारखे चावीचे, किर्र करत मागं येणारे. पंचगंगेच्या घाटावर नाहीतर मोरीत दगडावर चादरी आपटणाऱ्या बायकांच्या हातांना त्या मशीननं पहिल्यांदा विसावा दिला. त्या बायकांच्या मुली आज पन्नाशी-साठीला आल्यात. मशीन अजून माळ्यावर आहे आणि ते कधी आलं, कुणी आणलं हे सांगणारं माणूसही घरात आहे. म्हणून सुरुवात याच मशीनपासून करा. ते स्वस्त मिळतं, आपल्या विजेवर चालतं आणि उद्यमनगरातला कुठलाही कारागीर दुरुस्त करून देतो.

आजोबांच्या खोलीत एक पांढरं चौकोनी मशीन आहे. झाकण उघडलं की आतून हातानं फिरवायचे दोन रोलर वर येतात. कंपनीचं नाव पुसट झालंय. हे कुठलं आणि किती जुनं? (एक वाचक, राजारामपुरी)

टबाच्या आत हात घालून बाजूची भिंत चाचपा. तिथं बशीएवढी चकती असेल तर ते बहुधा हूवर. वेल्समधल्या मर्थर टिडफिलला हूवरनं १९४८ साली कारखाना काढला आणि तिथून अशी छोटी, हाताच्या पिळणीची मशीनं बाहेर पडली. अमेरिकन पद्धतीच्या मशीनमध्ये टबाच्या मधोमध पंख्यांचा उभा खांब असतो, त्याला ॲजिटेटर म्हणतात; पुष्कळदा तो काळ्या बॅकेलाइटचा, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकचा. त्याची पिळणी वर उघड्यावर असते आणि मोटरवर फिरते.

वय काढायला मागची पाटी ओल्या फडक्यानं हलकेच पुसा. सँडपेपर अजिबात लावू नका, अक्षरं जातील. विजेच्या आकड्यांपुढं हर्ट्झ (विजेची दर सेकंदाची आवर्तनं) न लिहिता त्याचं जुनं नाव सायकल्स लिहिलं असेल तर मशीन जुन्या वळणाचं. हर्ट्झ हे एकक १९६० साली अधिकृत झालं आणि पाट्यांवर यायला त्यानंतरही काही वर्षं गेली. तारीख नक्की ठरत नाही, पण दशकाचा अंदाज येतो.

तुमचं मशीन हूवर निघालं तर त्याचं मोल आणखी एका कारणानं आहे. बाजूच्या चकतीची हीच पद्धत १९५३ साली जपानच्या सान्योनं आपल्या मशीनमध्ये आणली. पुढं ती चकती टबाच्या तळाला गेली. आपल्या सेमी-ऑटोमॅटिकच्या तळाशी फिरतो तो पल्सेटर म्हणजे तीच. जुळा टबही हूवरनं १९५७ साली हूवरमॅटिक नावानं बाजारात आणला होता. म्हणजे आजोबांचं मशीन आपल्या नव्वदीतल्या मशीनचं पूर्वज झालं. दोन्ही शेजारी ठेवून घरातल्या मुलांना दाखवा.

अमेरिकन मशीन मिळालंय, पाटीवर ११५ व्होल्ट, ६० सायकल्स, १७२५ आरपीएम आहे. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालू करू का? (एक वाचक, इचलकरंजी)

लगेच नको. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, सायकल बदलत नाही. आपल्याकडं ५० सायकल. त्यामुळं मोटर साधारण १४४० आरपीएमच्या आसपास फिरेल, म्हणजे ॲजिटेटर थोडा सावकाश हलेल. त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते दुसरंच. सायकल कमी असताना पूर्ण ११५ व्होल्ट दिले तर मोटरच्या स्टँपिंगवर, म्हणजे आतल्या लोखंडी पातळ चकत्यांवर, चुंबकीय भार वाढतो, ॲम्पिअर चढतात आणि वाइंडिंग तापतं. म्हणून व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवायचं : ११५ ला ५० नं गुणून ६० नं भागलं की ९६ येतात. ट्रान्सफॉर्मर बनवून घेताना ९५ ते १०० व्होल्टचा टॅप मागा. ऑटो-ट्रान्सफॉर्मर घेऊ नका, दोन वेगळ्या वाइंडिंगचाच घ्या, म्हणजे जुन्या मशीनचा थेट लाइनशी संबंध राहणार नाही. सौदी अरेबियातून आलेलं मशीन असेल तरी पाटी आधी वाचा, तिकडंही ६० सायकल आणि कित्येक ठिकाणी १२७ व्होल्ट होते. दुबई, मस्कत, कुवेतच्या मशीनला ही अडचण नाही.

वीज द्यायच्या आधीची कामं आणखी महत्त्वाची. वायरवरचं जुनं रबर बोटांत भुगा होऊन पडत असेल तर सगळी वायरिंग नवी करा, बॉडीला अर्थिंग जोडा; त्या काळच्या बऱ्याच मशीनांना दोनच पिना असायच्या. मोटर ५०० व्होल्टच्या मेगरनं (वाइंडिंगमधून वीज बाहेर गळते का ते मोजणारं यंत्र) तपासा. एक मेगओमच्या खाली रीडिंग आलं तर वीज देऊ नका. जुना कपॅसिटर असला तर तो काढून टाका आणि फोडू नका. सत्तरीपर्यंतच्या कित्येक कपॅसिटरमध्ये पीसीबी नावाचं विषारी तेल असायचं. मग पहिल्यांदा चालू करताना १०० वॅटच्या पिवळ्या बल्बची सिरीज लावा, म्हणजे मोटरला जाणारी वीज त्या बल्बमधूनच जाईल. बल्ब लख्ख पेटला तर शॉर्ट आहे, तिथंच थांबा.

सगळं ठीक असेल तर बेल्ट काढून नुसती मोटर फिरवा आणि कान द्या. वेग घेतल्यावर क्षणात आतून टक् असा आवाज आला पाहिजे. तो सेंट्रिफ्यूगल स्विच सुटल्याचा; मोटरनं वेग घेतला की हा स्विच सुरुवातीपुरतं लागणारं स्टार्टिंग वाइंडिंग तोडतो. तो नाही आला आणि मोटर नुसती घुमत राहिली तर लगेच बंद करा, स्टार्टिंग वाइंडिंग लाइनवरच राहिलंय आणि ते थोड्या वेळात जळतं. बहुतेक वेळा स्विचचे पॉइंट काळे झालेले असतात, साफ केले की काम होतं.

पिळणीचे रबरी रोलर दगडासारखे कडक झालेत, चिराही गेल्यात. नवीन कुठं मिळतील? (एक वाचक, जयसिंगपूर)

तयार मिळणार नाहीत, पण बनवून मिळतील, आणि तुमच्या शेजारीच. छापखान्याचे आणि कापड प्रोसेसचे रोलर नव्यानं रबर चढवून देणारे कारागीर इचलकरंजी-कोल्हापूर भागात आहेत. आतली लोखंडी कांब तशीच ठेवून वर नवं रबर चढवतात. जुन्या रोलरचा व्यास चिरा नसलेल्या जागी मोजून लिहून द्या, आणि रबर नरम हवं म्हणून सांगा. कडक रबरानं बटणं फुटतात. मोटरवर फिरणारी पिळणी असेल तर तिची झटक्यात सोडायची दांडी आधी चालती करून घ्या. त्या रोलरांत पूर्वी बायकांची बोटं सापडलीत. पदर खोचून, वेणी वर बांधूनच त्याच्याजवळ उभं राहायचं, आणि मुलांना लांब ठेवायचं.

मशीनवर नवीन पावडर कोटिंग करून घेऊ का? (एक वाचक, सांगली)

नको. जुना इनॅमल म्हणजे पत्र्यावर भाजून बसवलेली काच असते, ती गेली की परत येत नाही. साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा, पुसा, गंजलेल्या कडेला पातळ तेलाचा हात द्या.

आईचं नव्वदीतलं सेमी-ऑटोमॅटिक २०१९च्या पुरात बुडालं. तेव्हापासून तसंच ठेवलंय. घरातले टाकून दे म्हणतात, माझं मन होत नाही. काही होईल का? (एक वाचक, शिरोळ)

टाकू नका, होण्यासारखं आहे. २०१९च्या आणि २०२१च्या पुरानंतर अशी कितीतरी मशीनं शिरोळ, चिखली, आंबेवाडीकडून भंगारात गेली, आणि त्यातली बरीच वाचण्यासारखी होती. पुराच्या पाण्यापेक्षा मागं राहणारा गाळ वाईट. मशीन लाइनला लावून बघायचा मोह आवरा. पल्सेटरचा मधला स्क्रू काढून तो उचला, खाली वाळलेला चिखल मिळेल. गिअर बॉक्सचं तेल पांढरट झालं असेल तर पाणी शिरलंय. खोलून, धुऊन नवं ग्रीस भरायचं, ऑइल सील बदलायचं. दोन्ही मोटरी काढून वाइंडरकडं द्या. आम्ही त्या उघडून साध्या पाण्यानं गाळ काढतो, उन्हात वाळवतो, मग बंद पेटीत बल्बच्या उष्णतेवर ठेवतो. मेगर चांगला आला तर फक्त वॉर्निश मारून पुन्हा बांधतो, रिवाइंडिंगचीही गरज पडत नाही. कपॅसिटर सरळ नवे टाका. टायमरची स्प्रिंग गंजली असेल तर तोही बदला, पण जुना टायमर आणि त्याची मूठ फेकू नका. ड्रायरचं झाकण उघडलं की टब थांबवणारी ब्रेकची तार हमखास गंजून अडकते. ती मोकळी झाल्याशिवाय ड्रायर चालवायचा नाही.

आईंना या कामात जवळ बसवा. कुठला भाग कसा लागत होता, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

जुन्या मशीनला किंमत किती द्यावी? (एक वाचिका, मंगळवार पेठ)

भंगाराच्या वजनाच्या भावापेक्षा थोडं जास्त, एवढाच माझा हिशेब. मोटर मूळची असेल, पाटी वाचता येत असेल तर आणखी थोडं. आणि घरात बिल, वॉरंटी कार्ड किंवा माहितीपुस्तिका जपून ठेवली असेल तर घासाघीस न करता मागतील तेवढे द्या. बिलावर दुकानाचं नाव असतं, तारीख असते, त्या काळची किंमत असते, कधी हप्त्यांची नोंदही असते. तेवढ्या एका कागदावर त्या घराचा सगळा व्यवहार कळतो. फक्त ते कागद मशीनच्या टबात ठेवू नका, ओल धरते. वेगळी फाइल करा आणि वर मशीन कुणाच्या घरातून, कधी आलं ते लिहून ठेवा.