आठ-नऊ वर्षांच्या मुलांना भू-राजकारण, म्हणजे भूगोलामुळे देशादेशांत चालणारं राजकारण, सोप्या भाषेत कसं सांगावं?

व्याख्येने सुरुवात करू नका, नकाशा उघडा. तोही डोंगर-नद्या दाखवणारा प्राकृतिक नकाशा. नुसत्या रंगीत देशांच्या नकाशात कारणं दिसत नाहीत.

मराठवाड्यातल्या लेकरांना पैठणचं जायकवाडी धरण माहीत असतं. पैठणला पाणी किती येणार, हे वर नाशिक-नगरच्या धरणांतून किती सोडलं यावरही ठरतं. एवढं कळलं की नकाशावरचं बोट आफ्रिकेतल्या नाईल नदीवर न्या. इथिओपियाने निळ्या नाईलवर मोठं धरण बांधलं, 2020 पासून ते भरायला घेतलं. खाली सुदान आणि इजिप्त. मग मुलांना एकेक देश वाटून द्या आणि तीनच प्रश्न विचारा: वर कोण? गरज कोणाला? खालच्याच्या हातात काय? तिसऱ्यावर रेंगाळा, सगळे डावपेच तिथेच आहेत: बोलणी, करार, मित्रदेश, धमकी. नंतर भूमिका बदला. इजिप्तवाला आता इथिओपिया. हे टाळलं तर 'चांगला देश, वाईट देश' एवढंच डोक्यात राहतं, आणि इथिओपियाला वीज हवी होती हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

होर्मुझची सामुद्रधुनी (आखातातलं तेल बाहेर नेणारी अरुंद समुद्रवाट) वगैरे दुसऱ्या दिवशी. एका बैठकीत एकच जागा घ्या. वीसेक मिनिटांनंतर या वयाची पोरं चुळबुळायला लागतात.