वाडी विकली तर बाबांना फसवल्यासारखं होईल का?

“ताई, वाडी विकली तर बाबांना फसवलं, आणि नाही विकली तर ती माझ्यामुळे उजाड झाली. दोन्हीकडून दोष माझाच.”

गावी शेती करणारे वडील गेले आणि शहरात नोकरी करणाऱ्या मुलासमोर जमीन उभी राहिली, की हा प्रश्न बहुतेक घरांत येतो. वडोदऱ्यात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या मराठी माणसांत हे दुःख मी पुष्कळदा ऐकलं आहे. वरचं वाक्य म्हणणारे गृहस्थ मूळचे वसईचे, सामवेदी कॅथलिक, घरात कादोडी ही तिथली बोली बोलणारे. नंदेसरीच्या एका रसायन कारखान्यात नोकरी, राहायला फत्तेगंजकडे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीत ते सातबारा, गुंठे आणि भाव एवढंच बोलले. वडील गेल्यावरची महिन्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली त्याच संध्याकाळी दलाल अंगणात येऊन बसला होता. धाकट्या भावाला विकायचं होतं, बहिणीला नको होतं. “आणि मला अजून रडूही आलेलं नाही,” हे त्यांनी जाता जाता, चप्पल घालताना सांगितलं. मला तेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं.

पुढच्या वेळी मी जमिनीचा विषय काढलाच नाही. विचारलं, “बाबांचा दिवस कसा असायचा?”

मग ते तासभर बोलले. पहाटे चारला उठणं, विहिरीवरची मोटर, पानवेल बांधणं, विड्याची पानं खुडून त्यांच्या जुड्या लावणं. केळीचा लोंगर, म्हणजे घड, उतरवताना शर्टावर पडणारा चीक, त्याचे काळपट डाग कधीच न जाणारे. भाजी घेऊन पहिल्या लोकलने दादरला. राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करणं, जे पुढे परवडेना म्हणून थांबलं. रविवारी आधी मिस्सा, मग वाडीत पाऊल. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासोबत हरित वसईसाठी लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा बाबाही गेले होते. टँकर भरभरून पाणी उपसलं जात होतं, विहिरी खारट होत होत्या, शेतांवर इमारतींची नजर होती. “ज्याने बिल्डरविरुद्ध मोर्चा काढला, त्याची वाडी मी बिल्डरला देऊ?” इथे त्यांचा आवाज पहिल्यांदा फुटला.

मरण साधंच होतं. पावसाळ्यात छातीत दुखलं, थोडे दिवस दवाखाना, मग घरी. फादर येऊन तेल लावून, प्रार्थना करून गेले. भावाशी शेवटचं बोलणं मोटर बंद केली का, एवढंच. हे गृहस्थ वडोदऱ्याहून रात्रीच्या गाडीने निघाले, बोरिवलीला उतरून लोकलने मागे वसईला आले, तोवर चर्चची घंटा वाजून गेली होती. दफनाची धावपळ, पाहुणे, मग परत ड्युटी. कारखान्यातले गुजराती सहकारी विचारत, “बेसणुं कधी?”, म्हणजे शोकसभा कधी? यांच्याकडे उत्तर नव्हतं. वडोदऱ्यात त्यांच्या वडिलांना ओळखणारं कुणीच नव्हतं. दुःख वाटून घ्यायला माणसं लागतात, आणि ती सगळी वसईला राहिली होती.

शिवाय चर्चमधले काही जण म्हणाले होते, “देवाच्या घरी गेले, रडायचं कशाला?” मी कॅथलिक नाही, म्हणून त्यांनाच विचारलं, तुमच्या धर्मात रडणं चूक आहे का? थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, “नाही. आपला मित्र लाजर याच्या कबरीपाशी येशू रडला.” हे त्यांचं त्यांनाच सापडलं, म्हणून ते टिकलं. मी सुचवल्यावर त्यांनी घरी एका संध्याकाळी रोझरीची, म्हणजे जपमाळेची, प्रार्थना ठेवली, शेजारी आणि सहकाऱ्यांना बोलावलं, बाबांचा फोटो लावला. कधीही न पाहिलेल्या माणसाविषयी त्या लोकांनी प्रश्न विचारले. त्या रात्री ते रडले.

न रडणं म्हणजे प्रेम नसणं, असं मुळीच नाही. मन कधी दुःखाकडे वळतं, कधी कामाकडे, आणि दोन्हींची गरज असते. स्ट्रोब आणि शूट या अभ्यासकांनी 1999 मध्ये हीच येरझार मांडली. यांची येरझार कामाच्या टोकाला अडकली होती, आणि जमिनीचा हिशेब हेही त्यांच्यासाठी कामच झालं होतं.

अपराधाची गाठ मात्र आईने सोडवली. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. माझ्या सांगण्यावरून त्यांनी फोन केला. आई म्हणाली, “विहीर खारट झाली तेव्हा बापानेच तुला शिकायला पाठवलं, बाळा. पगार लागू दे पोराला, म्हणाला.” आणि पुढे म्हणाली, “पण वेल बांधायच्या दिवसांत तुझी आठवण काढायचा.” हे दुसरं वाक्य त्यांना बोचलं. मी ते झाकायचा प्रयत्न केला नाही. बापाला मुलाचा अभिमानही होता आणि त्याच्या हातांची उणीवही भासत होती. दोन्ही खरं. त्यातलं कुठलंच जमीन राखून किंवा विकून फिटणारं कर्ज नाही. जमीन हा पैशाचा, पाण्याचा, कष्ट करणाऱ्या हातांचा प्रश्न आहे, तो तसाच सोडवावा, असं मला ठामपणे वाटतं.

म्हणून शक्य असेल तर वर्षश्राद्ध किंवा वर्षाची मिस्सा होईपर्यंत विक्रीच्या कागदावर सही करू नका. दलालाची घाई ही दलालाची गरज असते. कागदाचं काम मात्र लांबवू नका: महाराष्ट्रात वारसाने हक्क आला की तीन महिन्यांत तलाठ्याकडे कळवावं लागतं. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती कुटुंबाला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो: पत्नीला एक तृतीयांश, उरलेलं मुलामुलींना समान. बहीण “पाहुणी” नाही, हे कळल्यावर या घरातल्या भांडणाचा सूर बदलला. आणखी एक: महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला सहसा शेतकरी असावं लागतं, त्यामुळे सगळी विकली तर पुन्हा घेणं अवघड होऊ शकतं. वकिलाला विचारून मगच ठरवा.

या घराने सध्या वाडी चुलतभावाला वाट्याने कसायला दिली आहे. आई तिथेच राहते. भावाचा आग्रह संपलेला नाही, पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं ठरलं आहे.

झोप उडाली, जेवण तुटलं, वर्ष उलटूनही रोजचं जगणं सुरू होत नसेल किंवा आपणही मरावं असं वाटत असेल, तर एकट्याने ओढू नका. मरणाचे विचार असतील तर एक दिवसही थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक कधीही लावता येतो, आणि मराठीतून बोलायचं आहे, असं तिथे सांगता येतं.