नाक टोचण्याची भीती आणि लग्नाची तारीख

प्रश्न : माझे वय २६ असून दोन महिन्यांनी माझे लग्न आहे. आजीची बसरा मोत्यांची नथ मला मिळाली आहे, पण ती जुन्या पद्धतीची, तारेची असल्यामुळे नाक टोचल्याशिवाय घालता येत नाही. मलाही नाक टोचून घ्यायचे आहे. तरीही दोन वेळा सोनाराच्या दुकानाच्या पायरीवरून परत आले. रात्री झोपण्यापूर्वी नाक टोचतानाच्या रील्स पाहते आणि मग झोप लागत नाही. कॉलेजमध्ये असताना रक्ततपासणीच्या वेळी मला चक्कर येऊन मी पडले होते, आईचेही असेच होते. आत्या म्हणते, ‘डोळे मीट, दीर्घ श्वास घे आणि अंग सैल सोड, मुंगी चावल्यासारखे होते, बस्स.’ मी इतकी भित्री का आहे आणि आता काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुंगीची उपमा आपल्याकडे पिढ्यानपिढ्या दिली जाते, पण ती खरी नाही, आणि खोटा दिलासा भीती वाढवतो असा माझा अनुभव आहे. सुई आत जाताना तीव्र कळ येते, ती एक-दोन सेकंदांत ओसरते, त्यानंतर काही मिनिटे ती जागा गरम होऊन ठणकते आणि पुढचे काही दिवस धक्का लागला की दुखते. कळ येताच त्या बाजूच्या डोळ्यातून पाणी येईल. ते रडणे नव्हे. नाक आणि डोळा या दोघांच्या संवेदना ट्रायजेमिनल या एकाच नसेच्या शाखांतून मेंदूकडे जातात, त्यामुळे नाकाला टोचले की डोळा आपोआप पाझरतो. हे आधी ठाऊक असले की त्या क्षणी दचकायला होत नाही.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य मात्र चक्कर येऊन पडल्याचे आहे. दुखेल म्हणून घाबरणे आणि सुई पाहून भोवळ येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. बहुतेक भीतींमध्ये हृदयाचे ठोके वाढतात आणि वाढलेलेच राहतात. रक्ताच्या आणि सुईच्या भीतीत मात्र अनेकांचे ठोके व रक्तदाब आधी वाढतात आणि मग एकाएकी खाली येतात, मेंदूला पुरेसे रक्त पोहोचत नाही आणि माणूस कोसळतो. ही प्रवृत्ती घराण्यात चालत येताना दिसते, म्हणून आईचा उल्लेख तुम्ही केलात ते बरे झाले. यात भित्रेपणाचा काही संबंध नाही. धडधाकट पैलवानही इंजेक्शनच्या टेबलावर आडवे झालेले मी पाहिले आहेत.

आत्यांचा सल्ला प्रेमाचा असला, तरी तुमच्यासारख्यांना तो नेमका उलटा पडू शकतो, कारण अंग सैल सोडल्याने रक्तदाब आणखी खाली येतो. १९८० च्या दशकात स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी अशा रुग्णांसाठी याच्या विरुद्ध पद्धत वापरली. हात, पाय आणि पोटाचे स्नायू चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १५ सेकंद, घट्ट आवळून धरायचे, मग २० ते ३० सेकंद नेहमीच्या स्थितीत यायचे आणि असे पाच वेळा करायचे. हा सराव घरी आठवडाभर रोज करा. टोचण्याच्या दिवशी डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली किंवा घाम फुटला की लगेच तेच करा. फक्त चेहरा आणि मान स्थिर ठेवा. दीर्घ श्वासाचे म्हणाल, तर ते पुन्हापुन्हा घेत बसू नका. सुई जाताना श्वास रोखू नका, तो सावकाश बाहेर सोडा, एवढे पुरे.

त्याहून सोपा उपाय म्हणजे आडवे पडून टोचून घेणे. सोनाराच्या दुकानातील स्टुलावर ते शक्य नसते. ‘सोनारानेच कान टोचावेत’ ही म्हण आपण वेगळ्या अर्थाने वापरतो, पण शब्दशः पाहिले तरी अनेक सोनारांचा हात खरोखरच हलका असतो. तरीही तुम्ही त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा जिथे झोपून टोचतात अशा ठिकाणी जावे, पाकीट तुमच्यासमोर फोडलेली नवी सुई आणि हातमोजे यांचा आग्रह धरावा आणि ‘मला चक्कर येते’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे. स्प्रिंगच्या बंदुकीने नाक टोचून घेऊ नये. ती बोथट खडा दाबाने घुसवते, ऊती चिरडतात, आणि तिचे प्लॅस्टिकचे भाग वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करता येत नाहीत. उपाशीपोटी जाऊ नका. बधिर करणारे मलम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, साधारण तासभर आधी, बाहेरच्या त्वचेवर लावता येते. त्याने वरची कळ कमी होते, आतली पूर्णपणे जात नाही.

रील्स आजच बंद करा. कळ दोन सेकंदांची आहे आणि तुम्ही ती रोज रात्री तासभर भोगत आहात.

आता तारखेविषयी. नाकपुडीची जखम पूर्ण भरायला साधारण चार ते सहा महिने, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. दोन महिन्यांच्या छिद्रात वजनदार नथ अडकवून दिवसभर विधी, फोटो आणि शालूची ओढाताण सोसायची, हे मला शहाणपणाचे वाटत नाही. आजीच्या नथीला चाप बसवता येईल का, ते सोनाराला विचारा. तार न कापता ते जमत नसेल, तर त्या दिवसापुरती दुसरी चापाची नथ घाला. नाक लग्नानंतर सवडीने टोचा. तुमची निम्मी भीती सुईची नसून तारखेची आहे, असे पत्र वाचताना मला राहून राहून वाटले.

टोचल्यानंतर हळद-खोबरेल लावण्याचा आग्रह घरातून होईलच. नम्रपणे नाही म्हणा. तेलाने जखम ओलसर राहते आणि धूळ चिकटते. उकळून कोमट केलेल्या पेलाभर पाण्यात पाव चमचा मीठ विरघळवून, हात धुऊन, दिवसातून दोनदा ती जागा पुसली की पुरे. खडा फिरवत बसू नका. थोडी सूज आणि फिकट स्राव सुरुवातीला स्वाभाविक आहे. मात्र तीन-चार दिवसांनी दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, पिवळा-हिरवा पू आला किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि तोपर्यंत खडा स्वतः काढू नका, कारण वरचे छिद्र मिटून पू आत कोंडला जाऊ शकतो.