हार्मोनियमचे स्वर मशीन लर्निंग मॉडेलला सा=1, रे=2 असे नंबर करून दिले तर चालतं का?

नाही चालत, म्हणजे कोड रन होईल पण मॉडेल चुकीचं शिकेल. एक तर कोमल रे, तीव्र म कुठे बसवणार, आणि दुसरं म्हणजे नी=7 दिला की मॉडेलला तो सा पासून सगळ्यात लांब वाटतो, खरं तर वरचा सा त्याला अगदी चिकटून असतो. त्यामुळे 12 स्वरांना 0 ते 11 द्या, सप्तक वेगळं ठेवा आणि हे नंबर सरळ न देता वन-हॉट (12 रकाने, त्यातल्या त्या स्वराच्या रकान्यात 1 आणि बाकी 0) किंवा एम्बेडिंग (प्रत्येक स्वरासाठी मॉडेल स्वतः शिकतं अशी आकड्यांची यादी) करून द्या.

मिडी फाईल (यात प्रत्येक पट्टीला एक ठरलेला नंबर असतो) असेल तर आधी प्रत्येक नंबरातून सा चा नंबर वजा करा, हे फार महत्त्वाचं आहे! काळी एकचा सा 61 आणि काळी चारचा 68, तीच बंदिश पण सगळे आकडे 7 ने सरकतात, मॉडेलला ती वेगळीच वाटणार.

स्वर किती वेळ टिकला तेही द्याच. भूप आणि देशकार हे राग घ्या, दोन्हीत सा रे ग प ध हेच पाच स्वर, फरक कळतो तो ग वर थांबलात की ध वर यातून. गायन असेल तर मात्र हे पुरत नाही, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) हरवते, तिथे पिच म्हणजे आवाजाची फ्रिक्वेन्सी काढून सेंटमध्ये (शेजारच्या दोन स्वरांत 100 सेंट) द्या, 1200 × लॉग2(फ्रिक्वेन्सी ÷ सा ची फ्रिक्वेन्सी).