पस्तिसावं सिटिंग झालं आणि वैनींना रडू आलं

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे, ओळख पटू नये म्हणून धंदा-गल्ली थोडी बदललीय आणि दोघा नवरा-बायकोला विचारूनच लिहितेय. बेळगावातल्या वडगावच्या एक वैनी माझ्याकडे समुपदेशनाला आल्या, एकट्याच, हातात निथळणारा रेनकोट, आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, घरात सगळी हसायलेत, पेढे कधी म्हणून विचारायलेत, आणि मलाच तेवढं रडू यायलंय. माझ्याच डोक्यात काय बिघडलंय काय बघा जरा."

मालकांचे, म्हणजे वैनींच्या नवऱ्याचे, पॉवरलूम, वय ५८. आधी अँजिओप्लास्टी झालेली, तरी चढ लागला की छातीत आवळायचं. राहिलेले ब्लॉक बारीक नळ्यांत, तिथे ना स्टेंट बसत ना बायपासचा उपयोग, म्हणून डॉक्टरांनी गोळ्या चालू ठेवून ईईसीपीचा, म्हणजे बाहेरून पट्टे आवळून हृदयाला रक्त पोचवायच्या उपचाराचा, कोर्स सांगितला. रोज एक तास, आठवड्याला पाच दिवस, अशी सात आठवड्यांत ३५ सिटिंग. पिंढऱ्या, मांड्या आणि कमरेखाली पट्टे बांधतात, बीपी बघताना दंडाला बांधतात तसलेच पण भलेमोठे, आणि ईसीजीच्या तालावर ते फुगतात. हृदय ठोका मारून विसावलं की पायाकडून वर असे एकामागून एक आवळतात, म्हणजे रक्त उलटं वर ढकललं जाऊन हृदयाच्याच नळ्यांना मिळतं, आणि पुढच्या ठोक्याच्या आधी झटक्यात सुटतात. माणूस अख्खा तास बेडवर गदगद हलत असतो. वैनींनी पहिल्या दिवशी दारातून ते बघितलं आणि परत कधी आत डोकावल्या नाहीत.

बाहेर बाकावर बसून त्या वाती वळायच्या. सात आठवडे, रोज स्कूटीवर नवऱ्याला मागं बसवून न्यायचं, तासभर वाती, परत आणायचं, मग स्वयंपाक. पिशवी भरून वाती झाल्या. आणि एका शनिवारी सिटिंग संपलं, सिस्टरनी टाळ्या वाजवल्या, मालकांनी येता येता कुंदा घेतला, आणि सोमवारी सकाळी दहाला वैनी तयार होऊन, स्कूटीची किल्ली हातात घेऊन अंगणात उभ्या. कुठं जायचं तेच नाही.

हे मी वरचेवर बघते, बायपासनंतर, फिजिओचा कोर्स संपल्यावर, केमोनंतरसुद्धा. उपचार चालू असतात तोवर घरातल्या माणसाला घाबरायला टाईमच नसतो, रोज कोणीतरी बीपी बघतंय, कोणीतरी ईसीजीकडे नजर ठेवून आहे, आणि कोर्स संपला की ती सगळी ड्युटी एकदम आपल्या एकट्याच्या अंगावर पडल्यासारखी वाटते. सात आठवडे दाबून ठेवलेली भीती मग पेढ्याच्या बॉक्सबरोबर बाहेर येते. डोक्यात काही बिघडलेलं नसतं हो.

पण वैनींची ड्युटी जरा जास्तच चालली होती. रात्री दोन-तीनदा उठून त्या नवऱ्याच्या नाकाखाली बोट धरायच्या, श्वास चालू आहे का बघायला. एकदा ते जागेच होते, म्हणाले, "हाय गं जिवंत, झोप आता." बायको गच्चीवर जाऊ देईना, लूमवर जाऊ देईना, पोरीनं मटणाचं जेवण करायचं ठरवलं तर हिनं भांडून कॅन्सल केलं. त्यात "दृष्ट लागंल" हेही होतं. मी म्हटलं काढा की दृष्ट, मीठ-मोहरी ओवाळून टाका, तेवढंच मीठ त्यांच्या पोटात जायचं वाचेल. त्या पहिल्यांदा हसल्या.

पुढच्या वेळी दोघांना बोलावलं. त्यांना मी आधी एक गोष्ट स्पष्ट सांगितली, कारण कोणीतरी त्यांना हे "नॅचरल बायपास" आहे म्हणून सांगितलेलं आणि मला या शब्दाचा राग आहे. ब्लॉक विरघळत नाहीत यात. दुखणं कमी होतं, चालणं वाढतं, बऱ्याच जणांना बरेच महिने आराम पडतो, आणि ते काय कमी आहे का? पण गोळ्या बंद करायच्या नाहीत. मालकांनी मान खाली घातली. रात्रीची एक गोळी चार दिवस बंद होती, "आता कशाला" म्हणून. वैनी नाकाखाली बोट धरत होत्या आणि गोळीची पट्टी मात्र कोणीच बघत नव्हतं!

मग म्हटलं, भीतीला कामाला लावू. सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी, वैनींनी तीन ठिकाणी ठेवलेली, पर्समध्ये, उशीखाली आणि स्कूटीच्या डिकीत. डिकीतली काढायला लावली, उन्हात ती गोळी खराब होते. कागदावर लिहून फ्रिजवर लावलं: छातीत दुखलं तर बसायचं, गोळी जिभेखाली, पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८ ला फोन, स्कूटीवर बसवून न्यायचं नाही. एवढं लिहिलेलं असलं की रात्री उठायची गरज निम्मी होते.

दोघं वेगळे झोपत होते, हेही निघालं. हा विषय आपल्याकडे कोणी काढत नाही, डॉक्टरला विचारायची लाज आणि मुलांसमोर तर बोलायलाच नको. साधारण हिशोब असा की दोन जिने न दुखता, न धापता चढता येत असतील तर नवरा-बायकोच्या संबंधाला हृदय तयार असतं, पण आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्यायचं, आणि सॉर्बिट्रेटसारखी औषधं चालू असताना मेडिकलमधून परस्पर व्हायग्रासारखी 'ताकदीची' गोळी कधीच आणायची नाही, बीपी एकदम पडून जीवावर बेततं. मालक खिडकीबाहेर बघत होते, वैनी मात्र नीट ऐकत होत्या.

राहिलं सेलिब्रेशन. पन्नास माणसांचं मटण मलाही पटत नव्हतं, भरपेट जेवणानंतरसुद्धा अशा पेशंटला छातीत दुखू शकतं. मी विचारलं, वैनी, तुम्हाला काय पाहिजे? सात आठवडे बाकावर तुम्ही बसलात. त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "राजहंसगडावर जायचंय. पुतळा झाल्यापासून गेलोच नाही." (बेळगावजवळच्या या किल्ल्यावरचा, २०२३ मध्ये ज्याचं उद्घाटन दोनदा झालं तो महाराजांचा पुतळा, बेळगावात दुसरं काय होणार.)

डॉक्टरांना विचारलं, ते हो म्हणाले. एका रविवारी सकाळी येळ्ळूरमार्गे गाडी वरपर्यंत नेली, शेवटचं तेवढं चालायचं. बोलता बोलता चालायचं, वाक्य तुटायला लागलं की थांबायचं, हे ठरलेलं. वाक्य तुटलं ते वैनींचं. दरवाजाशी धापा टाकत, डोकं धरून बसल्या, आणि मालक त्यांची पर्स घेऊन शेजारी उभे.

सोमवारी वैनींचं बीपी बघितलं, १७०/१००. मागची दोन वर्षं कोणी बघितलंच नव्हतं, मीसुद्धा पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, ते राहून गेलं.

आता महिन्यातून एकदा मालक स्कूटीवर त्यांना मागं बसवून डॉक्टरकडे नेतात आणि बाहेर बाकावर बसतात. वाती काय वळत नाहीत, मोबाईल बघत बसतात.