झडप उत्तम चालते, मग छाती पुन्हा का उघडायची?

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६१ आहे. त्यांची महाधमनीची (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची) झडप जन्मतः दोनच पाकळ्यांची असल्याने ती १४ वर्षांपूर्वी काढून यांत्रिक झडप बसवली. आता सीटी स्कॅनमध्ये झडपेच्या वरचा महाधमनीचा भाग ५.७ सेंटिमीटर रुंद झालेला दिसतो आणि डॉक्टर पुन्हा शस्त्रक्रिया सुचवतात. वडिलांना कसलाही त्रास नाही. शस्त्रक्रिया टाळता येईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पहिल्या वेळी काही चुकले असे समजू नका. दोन पाकळ्यांच्या झडपेबरोबर पुष्कळदा महाधमनीची भिंतही मुळातच कमकुवत असते आणि झडप बदलली तरी ती भिंत हळूहळू फुगत राहू शकते. ही फूग बहुधा दुखत नाही. भिंत आतून फाटते तेव्हाच छातीत असह्य कळ येते आणि मग शस्त्रक्रिया तातडीने, कितीतरी अधिक धोक्यात करावी लागते. म्हणूनच ५.५ सेंटिमीटरच्या पुढे सहसा थांबत नाहीत. त्रास नाही म्हणून वाट पाहणे मला योग्य वाटत नाही.

दुसऱ्या वेळचा खरा धोका छाती उघडतानाच असतो. जुन्या व्रणामुळे हृदय आणि फुगलेली महाधमनी छातीच्या हाडाला आतून चिकटलेली असू शकते. त्यांच्यातले अंतर सर्जन सीटीवर आधीच पाहतात आणि ते फार कमी असल्यास हाड कापण्यापूर्वी मांडीतील किंवा काखेजवळील रक्तवाहिनीतून हार्ट-लंग मशीन (हृदय-फुप्फुसांचे काम तात्पुरते करणारे यंत्र) जोडून ठेवतात. झडप नीट चालत असेल आणि महाधमनीचे मूळ, म्हणजे झडपेला लागून असलेला तिचा सुरुवातीचा भाग, फुगलेले नसेल, तर झडप तशीच ठेवून वरचा भाग डेक्रॉन या कृत्रिम धाग्याच्या नळीने बदलता येतो. मूळही फुगले असेल, तर १९६८ साली बेंटॉल आणि डी बोनो या डॉक्टरांनी मांडलेल्या पद्धतीने झडप व नळी एकत्र बसवून हृदयाच्या रक्तवाहिन्या त्या नळीला जोडाव्या लागतात. अशा फेरशस्त्रक्रिया नेहमी करणारे केंद्रच निवडा.

तोवर रक्तदाब काटेकोर ताब्यात ठेवावा आणि जड ओझे उचलू नये. यांत्रिक झडपेसाठी चालू असलेली रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये. ती कधी थांबवायची आणि मध्ये हेपॅरिन (रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन) द्यायचे का, हे डॉक्टरच ठरवतील.

तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो : दोन पाकळ्यांच्या झडपेचा हा दोष काही कुटुंबांत चालत येतो. तुम्ही आणि वडिलांच्या भावंडांनी एकदा इको तपासणी करून घ्यावी.